सूक्ष्मदर्शकाचं २०× ऑब्जेक्टिव्ह: भिंगं किती घालायची आणि कशासाठी?

रोडनं१६ (ठाणे)

वागळे इस्टेटमध्ये आमचं ऑप्टिक्सचं लहान युनिट आहे. तपासणी कॅमेऱ्यांची भिंगं आणि जुन्या सूक्ष्मदर्शकांची दुरुस्ती, असं काम चालतं. आता पॅथॉलॉजीच्या स्लाइडचे फोटो काढणाऱ्या एका यंत्रासाठी २०× चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडच्या बाजूचा भिंगांचा संच) इथेच डिझाइन करून इथेच घडवायचं मनावर घेतलंय. एन.ए. (किती रुंद कोनातला उजेड गोळा होतो त्याचं माप) ०.४०, इन्फिनिटी करेक्टेड (मागून समांतर किरण सोडणारं), ते किरण जुळवायला सोबत २०० मि.मी.ची ट्यूब लेन्स, आरएमएसचे (सूक्ष्मदर्शकांचे प्रमाणित) आटे, पार्फोकल अंतर (बसवायच्या खांद्यापासून स्लाइडपर्यंत) ४५ मि.मी. म्हणजे फोकल लांबी १० मि.मी. आणि मागच्या बाजूने निघणारा झोत ८ मि.मी. रुंद.

ज्याला सांगावं तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "किती एलिमेंट टाकताय?" जास्त भिंगं म्हणजे जास्त चांगलं, हे डोक्यात पक्कं बसलंय. मला हा प्रश्नच उलटा वाटतो. आधी बघावं कुठला दोष किती मायक्रॉनचा आहे, आणि तो आपल्याला खरोखर दिसणार आहे का. दिसणार असेल तरच त्याच्यासाठी भिंग घालावं.

मोजायला माप एकच, फोकसची खोली, म्हणजे जेवढं पुढे-मागे झालं तरी प्रतिमा स्वच्छ राहते तेवढं अंतर. हिरव्या उजेडाला (०.५५ मायक्रॉन) ०.४० एन.ए.ला तपशील दिसतो ०.६९ मायक्रॉनपर्यंत, आणि फोकसची खोली येते साधारण ३.४ मायक्रॉन. आता या ३.४ शी एकेक दोष ताडून बघू.

पहिला दोष, क्षेत्राचा बाक, म्हणजे केंद्र फोकसमध्ये असताना कडा फोकसबाहेर जाणं. सपाटीकरणाची काही तजवीज न केलेल्या, सगळ्या बहिर्गोल जोड्यांच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये पेट्झवाल त्रिज्या (या बाकाची त्रिज्या) फोकल लांबीच्या दीडपटीच्या आत-बाहेर असते. मी १४ मि.मी. धरली. आयपीसमधून बघायचं असेल आणि फील्ड नंबर (आयपीसमध्ये दिसणाऱ्या वर्तुळाचा मि.मी.तला व्यास) २० असेल तर स्लाइडवर केंद्रापासून अर्ध्या मि.मी.पर्यंत बघायचंय. तिथे बाक निघतो ९ मायक्रॉन. कडा सपशेल धूसर. पण आमच्या यंत्रात डोळा नाहीच, दोन-तृतीयांश इंचाचा सेन्सर आहे, कर्ण ११ मि.मी. मग केंद्रापासून ०.२७५ मि.मी. एवढंच जायचं, आणि तिथला बाक फक्त २.७ मायक्रॉन. खोलीच्या आत बसला! म्हणजे 'प्लॅन' (सपाट क्षेत्राचं) करण्यासाठी जे जाड मेनिस्कस भिंग (एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोल) घालतात, ते आम्हाला नको.

दुसरा दोष, रंग. साध्या क्राउन-फ्लिंट जोडीत (रंग कमी आणि जास्त पसरवणाऱ्या दोन काचांच्या) लाल आणि निळा एकत्र आणला तरी हिरवा वेगळाच राहतो. हा उरलेला फरक ढोबळमानाने फोकल लांबीचा दोन हजारावा भाग, म्हणजे ५ मायक्रॉन. हा खोलीच्या बाहेर. गुलाबी-जांभळ्या एच-अँड-ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेल्या) स्लाइडवर केंद्रकांच्या कडेला रंगाची किनार दिसणारच.

थोडक्यात, पैसे मेनिस्कसमध्ये न घालता फ्लोराइटमध्ये (रंग फार कमी पसरवणाऱ्या स्फटिकात) घालावेत असं माझं मत झालंय. पुढे एक एकेरी भिंग, मागे दोन चिकटवलेल्या जोड्या. पाच भिंगं, आठ पृष्ठं. जाणकारांनी हे ठोकून बघावं.

कळवा_एसवाय

दादा, मी एसवाय बीएस्सीला आहे, फिजिक्स. आम्हाला पुस्तकात ऑब्जेक्टिव्ह म्हणजे एकच बहिर्गोल भिंग काढून दाखवतात. रंगासाठी दोन भिंगं लागतात हे समजलं. पण पाच का? एकच चांगली जोडी का चालत नाही?

किरणमार्ग (ऐरोली)

चांगला प्रश्न आहे. ०.४० एन.ए. म्हणजे स्लाइडवरून निघणारा सर्वांत बाहेरचा किरण अक्षाशी २३.६ अंशांचा कोन करतो, आणि ऑब्जेक्टिव्हमधून बाहेर पडताना तो अक्षाला समांतर हवा. एवढा सगळा वाक एकाच जोडीवर टाकला तर किरण पृष्ठभागावर फार तिरपा आदळतो, आणि तिरपेपणा वाढला की स्फेरिकल दोष (कडेचे आणि मधले किरण एका जागी न जुळण्याचा) फार झपाट्याने वाढतो. तोच वाक चार-पाच पृष्ठभागांवर वाटून दिला की प्रत्येकाच्या वाट्याला थोडं काम येतं.

यातला पाया जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० साली घातला. व्यवसायाने हे गृहस्थ वाइनचे व्यापारी, आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशकं आणणाऱ्या जोसेफ लिस्टर यांचे वडील. त्यांनी दाखवलं की दोन अक्रोमॅटिक जोड्या ठरावीक अंतरावर ठेवल्या तर स्फेरिकल आणि कोमा (बिंदूला शेपूट फुटण्याचा दोष) एकमेकांचे एकमेकांत फेडून घेता येतात. त्याआधी भिंगांच्या जोड्या एकावर एक चढवून, बरं दिसेल ते ठेवायचे. आजचं १०×/०.२५ उघडून बघ, आत बहुधा लिस्टरच्याच दोन जोड्या सापडतील. त्याच्या पुढे जवळजवळ अर्धगोल भिंग बसवलं की आमिचीचा प्रकार झाला, ४०×/०.६५ त्यावर चालतं. दादांचं २०× या दोघांच्या मधलं आहे, म्हणून पाच.

त्या पुढच्या भिंगाची गंमत समजून घे, कारण ऑब्जेक्टिव्ह डिझाइनमधली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट तीच आहे. काचेच्या गोलाच्या केंद्रापासून त्रिज्या भागिले अपवर्तनांक एवढ्या अंतरावर बिंदू ठेवला, तर त्याची प्रतिमा स्फेरिकल आणि कोमा यांच्याशिवाय तयार होते. कितीही रुंद कोन घ्या! त्याला अप्लॅनॅटिक बिंदू म्हणतात. बाहेर पडताना किरणाच्या कोनाची साइन अपवर्तनांकाने भागली जाते. १००× च्या तेलातल्या ऑब्जेक्टिव्हमध्ये एन.ए. १.२५ असेल तर तेलात साइन ०.८२५ असते, पुढच्या भिंगातून बाहेर येताना ती ०.५४५ वर उतरते. दोष न वाढवता एवढं काम फुकटात होतं. कोरड्या ऑब्जेक्टिव्हमध्ये पुढचं सपाट पृष्ठ थोडी खोडी करतं, पण मूळ कल्पना तीच.

@रोडनं१६, बाकाचा हिशोब पटला. अ‍ॅस्टिग्मॅटिझम शून्य धरून केलाय, तो प्रत्यक्षात थोडा उरेल. तरी जागा आहे.

नेरुळची_डॉक्टर

पॅथॉलॉजिस्ट म्हणून दोन गोष्टी सांगते.

एक, ऊतीचा काप आम्ही ३ ते ५ मायक्रॉन जाडीचा घेतो. म्हणजे तुमच्या फोकसच्या खोलीएवढा किंवा त्याहून जाड! शिवाय काप काचेवर कधीच पुरता सपाट बसत नाही. त्यामुळे यंत्राला जागोजागी पुन्हा फोकस करावंच लागणार. कडेचा २.७ मायक्रॉनचा बाक आमच्या दृष्टीने त्यात विरून जाईल.

दोन, हे मात्र मला खुपतंय. ११ मि.मी. कर्णाचा सेन्सर म्हणजे एका फ्रेममध्ये स्लाइडवरचा ०.४४ × ०.३३ मि.मी. एवढाच तुकडा. १५ मि.मी. चौरस काप असेल तर दीड हजारावर फ्रेम झाल्या. सकाळच्या बॅचमध्ये स्लाइडचा ट्रे भरलेला असतो आणि वॉर्डातून फोन सुरू असतात. मला मोठं क्षेत्र हवंय.

आणि कव्हरस्लिपचं (स्लाइड झाकायच्या पातळ काचेचं) काय केलंत? आमच्याकडे रक्ताचा स्मिअर बिनकव्हरचा असतो. तो ४०× खाली धुरकट दिसतो आणि टेक्निशियन म्हणतात ऑब्जेक्टिव्ह खराब झालं. उलट बायोप्सीच्या स्लाइडवर डीपीएक्सचा (कव्हरस्लिप चिकटवायच्या द्रव्याचा) थर कधी पातळ, कधी भसाभस.

रोडनं१६ (ठाणे)

डॉक्टर, क्षेत्राचा मुद्दा खरा आहे. १७.६ मि.मी. कर्णाचा सेन्सर घेतला तर फ्रेम सहाशेच्या आसपास येतील. पण मग बाक ७ मायक्रॉनवर जातो आणि मेनिस्कस घालावंच लागतं. पहिलं ऑब्जेक्टिव्ह ११ चंच करायचं यावर मी ठाम आहे. ते नीट जमल्याशिवाय मोठ्याला हात घालणार नाही.

कव्हरस्लिपचा हिशोब केलाय. ऑब्जेक्टिव्ह ०.१७ मि.मी. काच गृहीत धरून बनवलं आणि काच ठेवलीच नाही, तर स्फेरिकल दोष किती? तो एन.ए.च्या चौथ्या घाताने वाढतो. ०.४० ला फोकस जुळवून घेतल्यावर उरतो तरंगलांबीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. रॅलेची चतुर्थांश तरंगलांबीची मर्यादा (तिच्या आतला दोष सहसा जाणवत नाही) बघता हे खपून जाईल. ०.६५ ला तोच दोष सातपट होतो, दोन-तृतीयांश तरंगलांबीच्या आसपास, मर्यादेच्या खूप पलीकडे. तुमच्या टेक्निशियनना तो धूर दिसतो तो यामुळेच. ऑब्जेक्टिव्ह शाबूत आहे. स्मिअरवर तेलाचा थेंब टाकून वर एक कव्हरस्लिप ठेवायला सांगा आणि मग ४०× खाली बघा.

डीपीएक्सचा थरही काचेतच मोजायचा, त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळचाच असतो. कव्हरस्लिप घेताना १.५ नंबरची मागा, ती ०.१६ ते ०.१९ मि.मी.ची असते. १ नंबरची त्याहून पातळ येते. स्क्रू गेजने एका डबीतल्या चार-पाच मोजून बघा, एकाच डबीतही फरक सापडतो.

नेरुळची_डॉक्टर

तेलाच्या १००× ला मात्र हा त्रास कधी जाणवला नाही.

किरणमार्ग (ऐरोली)

कारण तेलाचा अपवर्तनांक १.५१५ च्या आसपास, काचेच्या जवळजवळ बरोबरीचा. काच पातळ असली तर तिची जागा तेल भरून काढतं. किरणाला फरकच कळत नाही.

पिचपॉलिश

मी या धंद्यात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. मुक्काम डोंबिवली, पण ठाण्याची बरीच युनिटं पायाखालची आहेत. रोडनं१६, हिशोब सुरेख मांडलास. मी फक्त हाताचं सांगतो.

फ्लोराइट ही काच नव्हे, स्फटिक आहे. मऊ असतो. सीरियमवर (काचेच्या पॉलिशच्या पुडीवर) काचेसारखा दाबून घासायला गेलास तर ओरखडे पडतात आणि कडेला कपचा उडतो. तापमानाने तो काचेच्या अडीचपट फुगतो. मशीनवरून काढलेलं गरम भिंग थंड पाण्यात गेलं की तडकलंच समज. आणि फ्लिंटला चिकटवलंस तर दोघांचं प्रसरण वेगळं. एप्रिलमध्ये युनिट तापलेलं असतं, तेव्हा जोडलेलं भिंग एसीच्या खोलीत नेल्यावर ताणात येतं. ८ मि.मी.च्या भिंगाला निभावून जाईल, मोठ्याला गेलं नसतं. सिमेंट जरा लवचीक घे आणि थर अगदीच पातळ करू नकोस.

पुढच्या भिंगाला फ्लोराइट अजिबात नको. लॅबमध्ये ते दिवसातून दहादा पुसलं जातं, कशाने पुसतात ते विचारूच नकोस.

किरणमार्ग (ऐरोली)

काका, तुमचा अनुभव आणि गणित इथे एकाच जागी येऊन मिळतात. एखादं भिंग अक्षावरच्या रंगदोषात किती भर घालतं, ते किरणाच्या उंचीच्या वर्गावर ठरतं. उंचीचा वर्ग गुणिले शक्ती भागिले अ‍ॅबे अंक (हा जितका मोठा, तितकी काच रंग कमी पसरवते). पुढच्या भिंगावर किरण अक्षाच्या जवळ असतात, मागे जाता जाता झोत ८ मि.मी. रुंद होतो. म्हणून फ्लोराइट मागच्या जोड्यांतच घालावा. रंगाच्या दृष्टीने तिथेच त्याची किंमत वसूल होते, आणि तो नळीत आत सुरक्षितही राहतो.

आणखी एक फायदा आहे. एन-बीके७ या क्राउनचा अ‍ॅबे अंक ६४.२, एफ२ या फ्लिंटचा ३६.४. या जोडीत क्राउनला जोडीच्या एकूण शक्तीच्या २.३ पट शक्ती उचलावी लागते, कारण फ्लिंट उलट्या बाजूने ओढत असतो. फ्लोराइट (अ‍ॅबे अंक ९५) आणि एन-केझेडएफएस४ काच (४४.५) असं घेतलं की हेच प्रमाण १.९ वर येतं. वक्रता सौम्य होतात. काकांना घासायला सोपं, आणि वेगवेगळ्या रंगांना वेगवेगळा स्फेरिकल दोष येतो तोही कमी. दोन्ही जोड्यांत घातलं तर निळ्या बाजूचा उरलेला रंगदोष साध्या जोडीच्या जवळपास चौथाईवर येतो. ५ मायक्रॉनचे सव्वा-दीड झाले तर खोलीच्या आत आलेच.

झाइस कंपनीचे अ‍ॅबे यांनी १८८६ साली अपोक्रोमॅट (हा उरलेला रंगदोषही काढलेली ऑब्जेक्टिव्हं) काढले तेही याच वाटेने. शॉट यांच्या येनाच्या प्रयोगशाळेतल्या नव्या काचा आणि स्वित्झर्लंडच्या डोंगरातला नैसर्गिक फ्लोराइट. सूत्रं त्यांना आधीच ठाऊक होती, अडलं होतं ते काचेपाशी. आज स्फटिक कृत्रिम मिळतो, निवडीचा प्रश्न तोच आहे.

मेनिस्कसबद्दल डॉक्टरांसाठी एक ओळ. बाक ठरवणाऱ्या पेट्झवाल बेरजेत किरणाची उंची येतच नाही, फक्त शक्ती आणि अपवर्तनांक येतात. म्हणून किरण अक्षाच्या जवळ असतात तिथे ऋण पृष्ठभाग ठेवला, तर एकूण शक्ती फारशी न गमावता बाक सुधारतो. जाड मेनिस्कस नेमकं हेच करतं. पण ते किंचित सरकलं तरी लगेच कोमा दाखवतं, म्हणून दादांचं 'आधी ११ चं' मला पटतं.

कळवा_एसवाय

वाचनखूण साठवली. हे सगळं करून बघायला सॉफ्टवेअर कुठलं? झीमॅक्स परवडणारं नाही.

किरणमार्ग (ऐरोली)

पायथॉनमध्ये रे-ऑप्टिक्स आणि ऑप्टिलँड ही दोन्ही मोफत आहेत. शिकायला पुरेशी आहेत. डिझाइन उलटं मांड, ट्यूब लेन्सच्या बाजूने समांतर किरण आत सोड आणि स्लाइडवर फोकस बघ. मुदत संपलेल्या पेटंटमध्ये त्रिज्या, जाड्या, काचा सगळं छापलेलं असतं. त्यातलं एखादं घेऊन फोकल लांबीच्या प्रमाणात लहान-मोठं कर आणि तिथून सुरुवात कर. कोऱ्या पानावरून ऑप्टिमायझर सोडलास तर तो कुठेतरी भलत्याच खड्ड्यात जाऊन बसतो.

तुर्भे_दुरुस्ती

डिझाइनवर बोलताय तर पावसाळाही त्यात धरा. जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे येणाऱ्या ऑब्जेक्टिव्हमध्ये निम्मं काम बुरशीचं असतं. आतल्या पृष्ठावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, आणि फार दिवस राहिली तर पुसल्यावरही कोटिंगवर खूण. ठाणे-नवी मुंबईच्या हवेत पुढचं भिंग सील केल्याशिवाय देऊ नका. काच निवडताना हवामान-प्रतिकाराचा वर्ग बघा. एन-बीके७ पहिल्या वर्गात येते, एन-एसके१६ चौथ्या. एन-एसके१६ घासून झाल्यावर कोटिंगची वाट बघत टेबलावर पडून राहिली तर इथल्या दमट हवेत डागाळते.

रोडनं१६ (ठाणे)

हे फार कामाचं सांगितलंत. पुढच्या एकेरी भिंगासाठी मी एन-एसके१६ लावून बघत होतो, आकडे छान येत होते. आता ती बदलून पहिल्या-दुसऱ्या वर्गातलीच काच घेतो, थोडी वक्रता वाढली तरी चालेल.

पिचपॉलिश

अजून एक. त्रिज्या संगणकाने दिल्या तशाच घेऊन नाचू नकोस. ५.१३७ त्रिज्येची टेस्ट प्लेट (भिंगाची त्रिज्या ताडून बघायची नमुना काच) कोण बनवून देणार? युनिटमध्ये ज्या टेस्ट प्लेटा पडल्या आहेत त्यांची यादी काढ, आणि प्रत्येक त्रिज्या जवळच्या प्लेटवर आणून बसव. एक बसवली की उरलेल्या पुन्हा ऑप्टिमाइझ, मग दुसरी. शेवटची एखादी अडलीच तर तेवढी नवी प्लेट कर.

जुळणीत प्रत्येक जोडी आपापल्या पितळी सेलमध्ये (कड्यात), आणि सगळे सेल एका नळीत एकावर एक. भिंग सेलमध्ये बसवल्यावर सेलची बाहेरची कड भिंगाच्या अक्षाला धरून लेथवर खरवडून घ्यायची. असं केलंस तर नळीत टाकल्यावर सगळे अक्ष आपोआप एका ओळीत येतात.

किरणमार्ग (ऐरोली)

आणि दोन गोष्टी मुद्दाम हलत्या ठेवा. दोन जोड्यांमधली एक रिंग, पाच-दहा मायक्रॉनच्या फरकाने वेगवेगळ्या जाडीची करून ठेवायची, तिने स्फेरिकल जुळवता येतो. आणि एक सेल तीन स्क्रूंनी आडवा सरकणारा, केंद्रातला कोमा काढायला. कुठला सेल, ते टॉलरन्सचा (किती चूक खपेल त्याचा) हिशोब सांगेल. सरकवल्यावर कोमा बदलतो पण बाकी फारसं बिघडत नाही, असा निवडायचा.

तुर्भे_दुरुस्ती

तपासणार कशावर? बरेच जण यूएसएएफ चकतीचा (बारीक होत जाणाऱ्या रेघांच्या तपासणी नमुन्याचा) सातवा गट दिसला की खूश होतात.

रोडनं१६ (ठाणे)

त्याने काहीच सिद्ध होत नाही. सातव्या गटाची शेवटची रेघ म्हणजे मि.मी.ला २२८ जोड्या, आणि ०.४० एन.ए.ची मर्यादा आहे १४५० च्या वर. निकृष्ट ऑब्जेक्टिव्हसुद्धा सातवा गट दाखवील.

मी स्टार टेस्ट करणार आहे. कव्हरस्लिपवर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप चढवून घ्यायचा. लेपात सुईच्या टोकाहून कितीतरी बारीक भोकं आपोआप राहतात. लेपाची बाजू खाली करून स्लाइडवर चिकटवली की उजेड बरोबर ०.१७ काचेतून येतो. मग एखादं बारीकसं भोक निवडून फोकसच्या वर आणि खाली जायचं. दोन्हीकडची वलयं सारखी दिसली तर स्फेरिकल जुळला. एका बाजूला वलयं कडक आणि दुसऱ्या बाजूला धुकं असेल तर मधली रिंग बदलायची. केंद्रातच शेपूट दिसलं तर सेल सरकवायचा. रंगासाठी पांढरा उजेड, एरवी हिरवा फिल्टर.

नेरुळची_डॉक्टर

मला स्टार नको, स्लाइड हवी. तयार झालं की एच-अँड-ईची जाड डीपीएक्सवाली आणि एक बिनकव्हरचा स्मिअर, दोन्ही मी देते. केंद्रकातलं क्रोमॅटिन स्वच्छ दिसलं तर तुमचं ऑब्जेक्टिव्ह पास. आणि १७.६ चं विसरू नका.

रोडनं१६ (ठाणे)

डॉक्टर, नक्की. स्मिअरवर ०.४० टिकतं का, हे मलाही खऱ्या स्लाइडवर बघायचंय.

काका, टेस्ट प्लेटांची यादी उद्या काढायला घेतो. पुढच्या भिंगाची काच बदलून, त्रिज्या प्लेटांवर बसवून झाल्या की सगळे आकडे इथेच टाकतो. @किरणमार्ग ताई, सरकता सेल मधल्या जोडीचा की मागच्या, तेवढं तुमच्या टॉलरन्सच्या हिशोबात बघाल का? माझ्या मते मधला.

किरणमार्ग (ऐरोली)

आकडे आल्याशिवाय सांगता येणार नाही. टाका, लगेच चालवून बघते.

पिचपॉलिश

मधलाच निघेल. पण बघा.